दहा व्होल्टची चाळण

सगळी प्रयोगशाळा तिला चौकसबाई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे! त्या दिवशी मात्र चौकशी तिच्याच अंगाशी आली. अकराला निवड समिती बसणार होती, तिची नोकरी कायम करायची की नाही ते ठरवायला. सगळी भिस्त अवकाशयानाच्या नोंदींतून लागलेल्या एका शोधावर होती: सूर्याकडून वाहत येणाऱ्या वाऱ्यातले इलेक्ट्रॉन एका टप्प्यापलीकडे एकदम थंड पडतात.

सव्वादहाला तिला कळलं, ते थंड इलेक्ट्रॉन सूर्याचे नव्हतेच. उन्हानं यानाच्याच पत्र्यातून उडालेले, यानाच्याच यंत्रात येऊन पडलेले. असले घरचे इलेक्ट्रॉन गाळायला नोंदींना दहा व्होल्टची चाळण होती, त्याखालचं सगळं टाकून द्यायचं. सूर्याजवळ ती पुरायची. लांब गेलं की यानावरचा विद्युतभार वाढतो, तिथं पंधराची हवी. पण दहाचा आकडा गटप्रमुखांचा, म्हणजे गुरुजींचा. त्याला हात लावायची तिथं रीतच नव्हती.

तिनं पंधरा लावून पाहिलं. धाडकन कोसळणारा आलेख संथपणे उतरला. शोध गेला पाण्यात!

ती तडक गुरुजींच्या खोलीत गेली. त्यांनी दोन्ही आलेख पाहिले आणि दार लोटलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. आधी नोकरी पदरात पाडून घे, मग बघू."

"मुठीत आपलाच कचरा आहे, गुरुजी."

तिला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आलेख वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

समितीपुढे तिनं दोन्ही आलेख ठेवले. "शोध चुकला. इलेक्ट्रॉन थंड होतात, पण हळूहळू. चाळण मी तपासली नाही."

"दहा हा आकडा कुणाचा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"शोधनिबंधावर नाव माझं आहे."

अध्यक्षबाईंनी पेन उचललं. तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली. गटप्रमुख म्हणून बसलेले गुरुजी उभे राहिले होते.

"आकडा माझा. अकरा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. आज हिला गप्प बसवायलाही मीच निघालो होतो. हिला घालवायचं तर आधी मला घालवा."

चौकसबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

"अकरा वर्षांच्या नोंदी पुन्हा चाळायच्या तर किती वेळ लागेल?"

"दोन वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली. "नोकरी कायम असली तर."