किल्ल्यावरची कांद्याची चाळ

रंगनाथ खैरनार सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि दर दिवाळीत मातीचा किल्ला करायचे. पहिल्या गोष्टीबद्दल सोसायटीत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दुसरीबद्दल मात्र लोक जिना चढताना हळूच हसायचे, कारण किल्ला लहान मुलं करतात आणि खैरनारांच्या घरात लहान मूल नव्हतं. सुरुवात त्यांनी मुलीसाठीच केली होती. मुलगी तिसरीतच कंटाळली, पुढे शिकली, नोकरीसाठी हैदराबादला गेली. वडील मात्र पार्किंगच्या मागे, बोअरच्या पंपाशेजारी, माती कालवतच राहिले.

त्यांचा किल्ला कुठल्याच किल्ल्यासारखा नसायचा. विटा रचायच्या, चिखलात भिजवलेली गोणपाटं वर टाकायची आणि मग मनाला येईल तसं करत जायचं. या वर्षी दरवाजाकडे जाणारी वाट इतकी वळणावळणाची झाली की शत्रू अर्ध्यातूनच कंटाळून परत गेला असता. बुरुजाखाली न्हाव्याचं दुकान होतं. तोफेला टेकून एक पहारेकरी झोपला होता, कारण पिशवीतून आणतानाच त्याचे पाय मोडले होते आणि तो उभा राहीना. आणि सगळ्यात वर, जिथे राजवाडा असायचा तिथे, काड्यांची ऐसपैस कांद्याची चाळ. रंगनाथ मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. कांदा साठवायची सोय नसलेला किल्ला त्यांच्या मते फार काळ लढू शकत नव्हता.

"आणि बायकांनी कपडे कुठे धुवायचे?" चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, अंजलीनं, विचारलं. ती दरवर्षी असं काहीतरी विचारायची.

"तळं आहे की."

"ते प्यायचं पाणी. त्यात धुणार?"

मग रंगनाथांनी गुणगुणत गुणगुणत धुण्यासाठी दुसरं तळं खणलं.

त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी दीपक गांगुर्डे यांना एका बिल्डरच्या इन्स्टाग्राम पेजवर स्पर्धा दिसली. किल्ल्याचा व्हिडिओ टाकायचा, ज्याला जास्त लाइक त्याच्या सोसायटीच्या गेटला सौर दिवे. गांगुर्डे आपल्या कॉलेजातल्या मुलीला, सृष्टीला, घेऊन खाली आले. तिनं वळणाच्या वाटेवरून फोन असा काही फिरवला की रंगनाथांना स्वतःचाच किल्ला अनोळखी वाटला.

"काका, नाव काय लिहू किल्ल्याचं?"

"नाव नाही त्याला."

"रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही हे."

गांगुर्ड्यांनी तिच्या हातून फोन घेतला आणि 'साल्हेर' लिहून टाकलं. "बागलाणातलेच ना तुम्ही? झालं तर!"

संध्याकाळपर्यंत कमेंटा सुरू झाल्या. साल्हेरवर कांद्याची चाळ कधीपासून? दरवाजा चुकलाय. पहारेकरी झोपलेला दाखवून काय सांगायचंय तुम्हाला? इतिहासाशी खेळ थांबवा. एकानं न्हाव्याचा दर विचारला होता, त्यालाही चौघांनी झापलं. चिडलेल्यांनी व्हिडिओ ओळखीच्यांना पाठवला, तेही चिडले, आणि आकडा वर चढत गेला.

"रंगनाथभाऊ, आपण पहिले आहोत!" गांगुर्डे धावत आले.

"लोक शिव्या देतायत."

"देऊ द्या. चिडून पुढे पाठवला, की दहा जण बघतात. त्यातले दोघं लाइक करतातच."

हा आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मग कुणीतरी फोन करून गांगुर्ड्यांना जाहीर माफी मागायला सांगितलं आणि ते घाबरून खाली आले. "दुरुस्त करून टाका भाऊ. जसा आहे तसा करा, साल्हेर."

"पण मी साल्हेर केलाच नव्हता."

"ते आता कुणाकुणाला सांगत बसणार?"

रंगनाथांनी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या कमेंटा आवडायला लागल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या किल्ल्याबद्दल अंजलीशिवाय कुणी एक शब्द बोललं नव्हतं. साताऱ्याच्या कुण्या बाईंनी 'धुण्याचं तळं किती गोड' असं लिहिलं होतं, ते त्यांनी स्टोअरमध्ये डबा खाताना वाचलं, बसमध्ये वाचलं, घरी आल्यावर अंजलीला वाचून दाखवलं. आता आणखी चांगलं लिहून येईल, असं त्यांना वाटलं.

त्यांनी फोनवर साल्हेरचा नकाशा शोधला, फोन विटेला टेकवून उभा केला आणि एकेक कमेंट वाचत दुरुस्ती सुरू केली. वाट सरळ झाली. दरवाजा फिरला. न्हावी गेला, पहारेकरी गेला, चाळ काडी काडी करून उपटली गेली. अंजली चहा घेऊन आली तेव्हा ते धुण्याचं तळं बुजवत होते.

"अहो, हे का?"

"नकाशात नाही ते."

तिला विचारण्यासारखं काही सुचलं नाही. कप ठेवून ती वर गेली.

दुरुस्त किल्ल्याचा व्हिडिओ सृष्टीनं टाकला. दोन-तीन जणांनी 'आता बरोबर' असं लिहिलं आणि सगळं शांत झालं. बरोबर किल्ल्याबद्दल कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. तिकडे कॉलेज रोडची एक सोसायटी पुढे निघून गेली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गांगुर्डे पुन्हा हजर झाले. सोबत फोन घेऊन सृष्टी होती.

"भाऊ, एक विनंती होती. तो झोपलेला परत ठेवता का?"

"ती चूक होती ना?"

"होती. म्हणूनच! आणि आणखी एक-दोन करा. मला फोन येतील अशा मोठ्या नको. लोकांनी नुसतं चिडून लिहावं, एवढ्याच."

रंगनाथ हसले नाहीत. ते खरोखरच विचार करायला लागले. बुरुजावर टीव्हीची डिश लावली तर लोक चिडतील. तोफेच्या जागी कुकर ठेवला तर जास्तच चिडतील. लिफ्ट काढली तर? असं बरंच सुचत गेलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की यातलं काहीच त्यांना करावंसं वाटत नाही. न्हाव्याचं दुकान त्यांनी कुणाला चिडवायला काढलं नव्हतं. एवढे लोक गडावर राहणार, तर त्यांचे केस वाढणारच होते.

त्यांनी पंपाजवळचं फावडं उचललं आणि बरोबर साल्हेर दरवाजापासून मागच्या तटापर्यंत सपाट केला. "अहो भाऊ! अहो, थांबा!" गांगुर्डे ओरडत होते. सृष्टी शूटिंग करत होती.

तिनं ते दुःखी संगीत लावून टाकलं. त्याला आधीच्या दोन्ही व्हिडिओंपेक्षा जास्त लाइक मिळाले. इतिहासाशी खेळ थांबवा म्हणणाऱ्यांनीच आता लिहिलं, 'किती सुंदर होती ती कांद्याची चाळ', 'कलाकाराची कदर नाही आपल्याकडे'. पण पाडलेला किल्ला स्पर्धेत धरत नाहीत, असं बिल्डरकडून कळलं. सौर दिवे कॉलेज रोडला गेले. तिथला किल्ला डेकोरेटरनं थर्माकोलचा करून दिला होता आणि त्यातून धूर निघायचा.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. रविवारी झाडायला आलेल्या सखुबाईंना पंपामागे नवरा-बायको दोघंही मातीत बसलेली दिसली.

"दिवाळी झाली नव्हं?" त्यांनी विचारलं.

"झाली," रंगनाथ म्हणाले.

"मग आता ह्यो कशापायी?"

अंजलीनं कोपरापर्यंत चिखलात गेलेला हात बाहेर काढला. "बोगदा करतोय सखुबाई. गडावरच्या बायकांना माहेरी जायला."

"सरळ रस्त्यानं नाय जाता येत व्हय माहेरी?"

"वेढा पडलाय ना!"

सखुबाईंनी झाडू भिंतीला लावला आणि वाकून बघितलं. तेवढ्यात पंप सुरू झाला, जमीन थरथरली आणि बोगदा मधोमध खचला. अंजली इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"वरची माती फार ओली झाली," रंगनाथ म्हणाले. ते उठून पलीकडच्या बाजूला गेले, गुडघे टेकून बसले आणि तिकडून खणायला लागले. "तू तुझ्या बाजूनं ये. हळू हं."