दोन ठोक्यांमधलं

भिवादादांनी तीस वर्षं शाळेत कारकुनी केली आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत ड्रम वाजवला. ऑफिसात त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. ती कसर ते ड्रमवर भरून काढत. सराव मात्र शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर भाट्याच्या किनाऱ्यावर.

जानेवारीत त्यांनी मागच्या खोलीत बसून मुलाच्या, धम्मदीपच्या, मिरवणुकीसाठीच्या गाण्याला ड्रम वाजवून रेकॉर्ड करून दिला. फेब्रुवारीत ते गेले. आता मिरवणूक आठ दिवसांवर आली होती आणि धम्मदीपच्या लॅपटॉपवर स्नेअर, म्हणजे बाबांचा तो खाली तारा ताणलेला ड्रम, काही केल्या छातीत बसत नव्हता.

"पत्र्यावर कैरी पडल्यागत वाजतोय, आये," तो चंपाताईंना म्हणाला.

त्याने आवाजाचा खालचा भरीवपणा वाढवला. आवाज आवळणारा कॉम्प्रेसर असा लावला की ठोका आधी सुटावा, दाब मागून यावा. मग गेट लावलं. गेट म्हणजे कचेरीतला शिपाई: मोठ्याने बोलणाऱ्याला आत सोडतो, हळू बोलणाऱ्याला दारात थांबवतो.

धाड! खिडकीतलं मांजर उठून गेलं. धम्मदीप खूश.

चंपाताई म्हणाल्या, "ह्यात तुझे बाबा नायत."

"अगो, तेच वाजवतायत!"

"वाजवतायत. पण नायत. ते मधे मधे खाकरायचे."

"तेच तर काढलंय."

"मग काढलेलं दे मला."

तो हसला, बाकीची वाद्यं बंद केली, गेट उलटं फिरवलं. ड्रम गेला. उरली स्टुलाची करकर, खाकरणं, पुटपुटलेलं "एक, दोन".

"हां! हे बघ, हे," चंपाताई खुलल्या.

गाण्याच्या मध्यावर ड्रमला सोळा मात्रांची सुटी होती. तिथे भिवादादा बोलले, "चंपा, वाईच पाणी दे गो."

लांबून, स्वयंपाकघरातून, चंपाताईंचाच आवाज: "घ्या उठून! हात मासळीत हायत माझे."



"बरं," भिवादादा म्हणाले. स्टूल करकरलं नाही. ते उठलेच नव्हते. "एक, दोन, तीन…"

धम्मदीपने घाईने बंद केलं. चंपाताई उठून आत गेल्या. माठावरचं झाकण वाजलं. भरलेला पेला घेऊन त्या आल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"आये, लॅपटॉपजवळ पाणी नको," तो सवयीने बोलून गेला.

त्या हलल्या नाहीत. पेला ठेवायचा कुठे, हे त्यांना कळत नव्हतं.

मग त्यानेच लॅपटॉप सरकवला आणि पेल्यापुरती जागा केली.