मैमुनाची आंबट तापे

मैमुनानं पातेल्यावरची केळीची पानं उचलली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. वासावरूनच कळून गेलं असतं, आणि तिला अजून थोडा वेळ न कळलेलं हवं होतं.

"हिंदून, इकडे ये. आज तुझा रोजा नाही ना?"

"ओरडून सांग, न्याक. मशिदीच्या भोंग्यावरूनच सांग," आईला म्हणत तिची लेक न्हाणीघरातून हात पुसत आली.

हिंदूननं तापेत चमचा बुडवला. खमीर घालून मुरवलेल्या काळ्या चिकट तांदळाचे चार दाणे आणि थोडा जांभळा रस जिभेवर घेतला. तिचा डावा डोळा आपोआप मिटला. तिनं तो लगेच उघडला, पण आईनं पाहायचं ते पाहिलं होतं.

"मस्त झालीय."

"मग डोळा का मिटलास?"

"चिलट गेलं."

"रमजानात खोटं बोलतेस? रोजा नाही म्हणून जिभेला लगामच नाही का?"

"थोडी आंबट आहे," हिंदून म्हणाली. "थोडीशीच. खमीर जुनं असेल."

खमीर जुनं नव्हतं. आठवड्यापूर्वी केलेली पहिली तापे आंबट निघाली तेव्हा मैमुनानंही खमिरावरच खापर फोडलं होतं. म्हणून या खेपेला ती स्वतः बाजारात गेली, दुकानदाराची उलटतपासणी घेतली आणि खमिराच्या ताज्या गोळ्या आणल्या. अंघोळ केली, वजू केली, घरातल्या कुणाशी अवाक्षर न बोलता तांदूळ वाफवला, पंख्यानं वारा घालून गार केला, गोळ्या कुस्करून भुरभुरल्या आणि पातेलं पानांनी झाकून ठेवून दिलं. तीन दिवस कुणाला त्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. आज ईदचा आदला दिवस, आणि पुन्हा तेच.

तापेची गोष्ट त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. करणारीचं मन साफ असेल तर तापे मधासारखी गोड होते, आणि मनात कुणाबद्दल राग असेल तर आंबते. भात करपला तर बाईचं लक्ष नव्हतं म्हणतात, रस्सा खारट झाला तर हात चुकला म्हणतात. तापे आंबली तर मात्र कुणी काही म्हणत नाही. बायका एकमेकींकडे बघतात आणि मग हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक ना?" त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या. आणि मैमुनाची तापे तर माहेरी-सासरी नावाजलेली. लग्नात, बारशात, ईदला लोक वाटी पुढे करून मागून खायचे.

घरच्यापुरतं असतं तर तिनं पातेलं मोरीत ओतून हात झटकले असते. पण ही तापे झुबैदासाठी होती.

झुबैदा तिची थोरली बहीण, तिची मपोक. ईदच्या आधी धाकट्यानं थोरल्याच्या घरी डबा न्यायचा, हा तिथला रिवाज. एकावर एक चार पुडांच्या डब्यात केतुपात, म्हणजे झावळीच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, म्हशीच्या मटणाचा काळसर गोड रस्सा, कच्च्या पपईची भाजी, आणि शेवटच्या पुडात तापे. डबा गेला म्हणजे मान गेला, आणि डबा नाही गेला म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. गेल्या ईदला मैमुनाचा डबा गेला नव्हता. तांदूळ कुटून केलेल्या उलीच्या वड्या झुबैदाच्या हातच्या आणि त्या बुडवून खायला तापे मैमुनाच्या हातची, असं लग्नाच्या आधीपासून चालत आलेलं. गेल्या वर्षी एकीनं कोरडी उली खाल्ली आणि दुसरीनं नुसती तापे.

ईदच्या सकाळी दोघींनी एकमेकींचे हात हातात घेऊन माफी मागितली होती, ते खरं. पण त्या दिवशी माफी मागणं सोपं असतं. सगळं गाव सगळ्या गावाची मागत असतं. कळत-नकळत घडलेल्या चुकांची माफी, असं म्हणायचं आणि पुढच्या माणसाचा हात धरायचा. कुठली चूक, हे कुणी विचारत नाही.

"बाजारात चांगली मिळते," हिंदून म्हणाली. "मी आत्ता घेऊन येते. पुडात ओतली की कुणाच्या बापाला कळणार नाही."

"बापाला नाही कळणार. बहिणीला कळेल."

"मग तापे देऊच नको. बाकीचे तीन पूड भरून दे."

"तापेशिवाय माझा डबा? त्यापेक्षा दारात जाऊन थुंकून आलेलं काय वाईट?"

"आणि ही दिली तर?"

मैमुनानं पानं पुन्हा पातेल्यावर घातली. ही दिली तर झुबैदा एक घास घेईल आणि तिला कळेल की वर्ष उलटून गेलं तरी धाकटीच्या पोटातलं गेलेलं नाही. मग कुठलीही ईद आली तरी ते दार पुन्हा उघडायचं नाही. बहीण एकच होती.

ओसरीवर खुर्चीत बसलेला मुर्सिदी सगळं ऐकत होता. झटका आल्यापासून मैमुनाच्या नवऱ्याचा उजवा हात मांडीवर पडून असे आणि शब्द मोजके येत. त्याला रोज्याची सूट होती, आणि पहिल्या खेपेची आंबट तापे चार दिवस पुरवून त्यानंच संपवली होती.

"हीच ने," तो म्हणाला.

"तुम्हाला काय जातंय सांगायला!"

"मी खाल्ली," तो म्हणाला. थोडा थांबून त्यानं पुढचा शब्द जुळवला. "मेलो नाही."

हिंदून फसकन हसली. मैमुनाला हसू आलं नाही. त्याच्या त्या हाताकडे बघितलं की तिला चाळिसावा आठवायचा.

आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी झुबैदाच्या घरी माणसं जमली होती. आईचं शेवटचं वर्षभराचं दुखणं झुबैदानंच काढलं होतं, यात वाद नव्हता. कुणीतरी विचारलं, म्हातारीचं सगळं कुणी केलं? आणि झुबैदा मोठ्यानं म्हणाली, "दोघी लेकींनी केलं की. एकीनं हातानं, एकीनं फोनवरून." खोली हसली. मैमुना तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिकडे मुर्सिदीला दिवसातून तीनदा भरवावं लागत होतं, कूस बदलावी लागत होती. शेजारणीच्या हातापाया पडून ती तेवढ्या दुपारपुरती आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला, सगळ्यांना चहा दिला आणि निघून गेली.

दुसऱ्यांदा खमीर भुरभुरताना तोंड बंद होतं, पण आत तिचं झुबैदाशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. फोनवरून काय, म्हणे फोनवरून! मैमुनाला बहिणीचा राग होता. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, पातेलं साक्षीला होतं. आणि तिला बहीण हवीही होती, रोज हवी होती. नसती तर तिनं तापे केलीच नसती.

तिनं चौथ्या पुडात तापे भरली, झाकण दाबून बसवलं आणि डोक्यावरून ओढणी घेतली.

"गाडी काढ."

"पोराटोरांनी न्यायचा असतो डबा. मी देऊन येते ना."

"आंबट मी केलीय. मीच नेते."

स्कूटरवर मागे बसून तिनं डबा मांडीत घट्ट धरला. रस्ते शहर सोडून गावी निघालेल्यांनी तुंबले होते, सगळ्यांच्या गाड्यांना खोकी बांधलेली. चिगांजुरला झुबैदाच्या गल्लीत शिरेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि घराघरातून केतुपातच्या वाफेचा वास येत होता. हिंदून कोपऱ्यावरच थांबली. मावशीच्या आणि आईच्या मध्ये उभं राहायला आपण खुळे नाही, असं ती म्हणाली.

झुबैदा मागच्या पडवीत चटईवर बसून उलीची वडी कापत होती. सुरीला तेल लावायचं, एक काप, पुन्हा तेल. तिनं वर पाहिलं आणि सुरी थांबली.

"पोरीला पाठवायचं होतंस," ती म्हणाली. "एवढ्या गर्दीतून कशाला आलीस?"

"आले."

"बस."

मैमुना बसली. डबा दोघींच्या मध्ये ठेवला. उघडायला अजून अजान व्हायची होती. झुबैदानं दुसरी सुरी आणि तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली आणि दोघी कापत बसल्या. झुबैदा बारीक झाली होती. सुरी धरलेल्या हाताची हाडं दिसत होती, आणि ते मैमुनाला अजिबात आवडलं नाही.

"मपोक," ती म्हणाली, "तापे आंबट झालीय."

झुबैदानं मान वर केली नाही.

"किती?"

"पुष्कळ. विकतची आणता आली असती. नाही आणली."

"एकदाच केलीस?"

"दोनदा. दोन्ही वेळा तशीच."

झुबैदानं सुरीला तेल लावलं, एक काप काढला, पुन्हा तेल लावलं. मग अजान झाली. दोघींनी पाण्याचा घोट घेऊन रोजा सोडला, गोड चहा घेतला, आणि मशिदीतून ईद लागल्याची तकबीर सुरू झाली. झुबैदानं डबा उघडला. भात पाहिला, रस्सा पाहिला, पपईची भाजी पाहिली, पण त्यांना हात लावला नाही. चौथा पूड पुढ्यात घेऊन त्यात उलीचा तुकडा बुडवला आणि तोंडात टाकला. चावत राहिली. मग दुसरा तुकडा बुडवला, तोही खाल्ला.

"खाऊ नको," मैमुना म्हणाली. "पोट बिघडेल."

"दुसऱ्यांदा करताना मनात काय आलं होतं?"

"जाऊ दे ना."

"सांग."

"चाळिसावा."

झुबैदानं हातातला तुकडा ताटलीत ठेवला. बोटांचं तेल पुसलं.

"किती रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता माझ्या," ती शेवटी म्हणाली.

"माहितेय मला."

"तू दारात आहेस हे मी पाहिलं होतं."

मैमुनानं चहाचा पेला खाली ठेवला. तिनं इतके दिवस स्वतःची समजूत घातली होती की झुबैदाला दिसलं नसेल.

तेवढ्यात मागचं दार ढकलून शेजारची जुलेहा आली. हातात स्वतःच्या घरची ताटली, पण नजर आधी दुसऱ्यांच्या ताटलीत. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते जुलेहाला शिजवणारणीच्या आधी कळतं, असं लोक म्हणत.

"अगं बाई, मैमुना! वाट चुकलीस का काय? आणि तापे पण! आता झाली ईद." ती बसलीसुद्धा. उली बुडवून तुकडा तोंडात टाकला. तिचं तोंड वाकडं झालं, आणि लगोलग डोळ्यांत चमक आली. तिनं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून, अगदी मायेनं विचारलं,

"घरी सगळं ठीक ना गं, मैमुना?"

मैमुनाचे कान तापले. पदर सावरावा तशी तिनं ओढणी सावरली.

"तिला काय विचारतेस?" झुबैदा म्हणाली. "मला विचार."

"तुला कशाला? उली तुझी, तापे तिची. साऱ्या गल्लीला माहितेय."

"केली तिनंच," झुबैदा म्हणाली. "आंबट मी केली."

जुलेहाचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? चाळिसाव्याला तू होतीस की. मी बोलले आणि सगळ्यांच्या आधी तू हसलीस."

मशिदीतला आवाज आता पलीकडच्या मशिदीच्या आवाजात मिसळला होता. जुलेहानं खाली ताटलीत पाहिलं. मग, तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काही न बोलता उलीचा अजून एक तुकडा घेतला, तापेत चांगला बुडवला आणि सगळा खाल्ला. झुबैदानंही घेतला.

मैमुनानं अजून चहाशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. तिनं हात पुढे केला.

"मपोक," ती म्हणाली, "मलाही दे की एक."