आंधळ्या शेळीचं दुसरं करडू

खानापूरकडच्या त्या गावात भावकूच्या काळ्या बोकडाचा भलताच रुबाब होता. शेळी माजावर आली की लोक तिला थेट भावकूच्या दारात आणत. मधेच एखादं करडू आंधळं जन्मलं, तर भावकू हात झटकायचा. "शेळीतच खोट आसंल."

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं, "खोट आईबाप दोघांकडून आली तरच करडू आंधळं होतं. एकाकडून आली तर दबून राहते, दिसत नाही. पटत नसेल तर तुमच्या जन्मांध शेळीला हा बोकड दाखवा. ती करडाला खोटच देणार, तिच्याकडं दुसरं नाहीच काही. एक जरी करडू आंधळं निघालं, तर बोकडातही खोट दडलीय म्हणून समजा."

चार दिवस माहेरी आलेली भावकूची लेक सुवर्णा तिथंच उभी होती. घरची पोर घरात राहील म्हणून भावकूनं तिला तिच्या सख्ख्या मामालाच दिली होती. पहिली मुलगी स्वरूपा, जन्मांध. आता पुन्हा दिवस गेलेले.

"माणसातबी आसंच आसतंय व्हय?" तिनं विचारलं.

"असतं. जवळच्या नात्यात तर जास्तच," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

भावकूला ते झोंबलं. नातीचं नशीबच तसं, असं म्हणून त्यानं आजवर दिवस ढकलले होते. बोकड निर्दोष निघाला की डॉक्टर खोटे, आणि डॉक्टर खोटे ठरले की आपण सुटलो! असा हिशेब कुणी करतं का? पण हट्टाला पेटलेल्या माणसाला सांगणार कोण. त्यानं त्याच आठवड्यात शेळीला बोकड दाखवला.

शेळी व्याली तेव्हा सुवर्णा बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं करडू बाहेर पडलं, काळंभोर, टकाटका बघणारं.

"बघ गं! कुठं हाय खोट?" भावकू ओरडला. त्यानं लगबगीनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

तेवढ्यात दुसरं आलं. भावकूनं त्याचं तोंड पुसलं. पापण्या बोटानं उघडून पाहिल्या. आत डोळेच नव्हते. त्यानं पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. करडू मात्र धडपडत आईला लुचायला लागलं.

सुवर्णाच्या तळहातावर गूळ तसाच होता.

"बोकड उद्या बाजारात जाईल, आप्पा," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ?"

भावकू करडू पुसतच राहिला. सुवर्णाला आठवा महिना लागला होता.