उशिरा आलेली सून

आमच्या घरात चाळीस वर्षांच्या जहाजाला जेवढा मान आहे, तेवढा चाळीस वर्षांच्या बाईला नाही. अलंगच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. किनाऱ्यावर तोडायला आलेल्या जहाजांमधली कपाटं, टेबलं, गाद्या, काचसामान आम्ही विकतो. गिऱ्हाईक आलं की माझा नवरा किरीट लाकडावर टकटक करून सांगतो, "जुनं आहे म्हणून तर टिकलंय, साहेब." आणि घरी जेवायला बसला की त्याच तोंडाने धाकट्या भावजयीबद्दल म्हणतो, "आता या वयात तिला काय होणार?"

ही भावजय म्हणजे माझी जाऊ राजुल. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. एकुलती एक. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आई आधीच गेलेली. वडील जाईपर्यंत तिने त्यांचं सगळं केलं आणि मग अडतिसाव्या वर्षी माझ्या दिराशी, नयनशी, लग्न केलं. नयन तेव्हा चाळिशी ओलांडलेला. तो का थांबला होता? एक मुलगी सावळी होती, एकीला चष्मा होता, एक मोठ्याने हसली. मुली पाहता पाहता साहेबांच्या डोक्यावरचे केस गेले. पण भावनगरभर बोलबाला झाला तो राजुलचं लग्न उशिरा झाल्याचा. त्याचं काय, त्याचं 'योग आला तेव्हा' झालं.

लग्नाची मेंदी उतरायच्या आत हीराफोई विचारायला लागल्या. हीराफोई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, नवऱ्याची आत्या. राहतात दोन गल्ल्या पलीकडे, पण दुपारचा चहा आमच्याकडेच. पाच मुलांची आई. त्यात त्यांचं कर्तृत्व किती आणि फुवांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, किती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण बोलतात असं की जणू पाच परीक्षांत पहिल्या आल्या.

"राजुल, वेळ दवडू नकोस हं. भाजी उतरून ठेवली की शिळी होते."

"हो फोई," राजुल म्हणायची आणि वह्या तपासायला घ्यायची.

मग फोईंनी सिहोरच्या कुठल्याशा वैद्याचं चूर्ण आणलं. पहाटे उठून, केस मोकळे सोडून, पूर्वेकडे तोंड करून घ्यायचं. राजुलने ते रोज इमानेइतबारे तुळशीत टाकलं. तुळस वाळली. "बघा भाभी," ती मला म्हणाली, "मी वाचले."

हसायची ती, पण मूल तिला मनापासून हवं होतं. हे मला ठाऊक होतं, कारण महिन्याचे ते दिवस आले की ती शाळेतून येऊन सरळ न्हाणीघरात जायची आणि नळ सोडून बसायची. पाण्याचा आवाज मोठा असला तरी भिंती आमच्या पातळ.

एकेचाळिसावं लागल्यावर ती आपणहून डॉक्टरकडे गेली. मी सोबत गेले, कारण नयनला माल उतरवायचा होता. माल म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरातले चमचे. दवाखान्याच्या भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो. सगळी गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. अख्ख्या काठियावाडात असं एक पोर मी पाहिलेलं नाही. पण डॉक्टर वसावडाबेन सरळ बाई निघाल्या.

"बीजं थोडी उरलीत," त्या म्हणाल्या. "या वयात तसंच असतं, त्यात तुमची चूक नाही. पण आता थांबू नका. मिस्टरांची तपासणी झाली?"

"होईल," राजुल म्हणाली.

"त्यांना सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्यासारखं सुया टोचून घ्यायचं नाही."

ते पाच-दहा मिनिटांचं काम आमच्या नयनला काही केल्या जमेना. आधी श्राद्धपक्ष होता. मग नवरात्र. मग मोठं जहाज लागलं. मग उत्तरायणात पतंगाच्या मांज्याने बोट कापलं, जणू त्या तपासणीत बोटाचा ठसा घ्यायचा होता! शेवटी एकदा खरं बोलला, "मला काय झालंय? आमच्या घरात पुरुषांत कधी खोट निघालेली नाही."

"निघणार कशी?" मी म्हटलं. "कधी कुणी बघितलीय?"

"भाभी, तुम्ही मधे पडू नका."

तोवर राजुलच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या तपासण्या झाल्या. गर्भनळ्यांत रंग सोडून फोटो काढला, त्या दिवशी रिक्षात ती माझा हात धरून ओठ चावत बसली होती. घरी आलो तर नयन झोपाळ्यावर गाठिये खात होता. "काय म्हणाली डॉक्टर?" त्याने विचारलं. तळलेली मिरची शोधता शोधता विचारलं.

अशात हीराफोईंच्या नातसुनेचं, पंक्तीचं सीमंत आलं. सातव्या महिन्यातली ओटी भरायची. समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, साठ-सत्तर बायका. आमच्या सासूबाई, बा, पंच्याऐंशीच्या. त्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं. बांना कमी ऐकू येतं असा घरात सगळ्यांचा समज आहे. माझा नाही. नको ते ऐकायला त्यांना आवडत नाही, एवढंच.

ओटी भरायला एकेक बाई उठत होती. राजुलही ताट घेऊन पुढे झाली. फोईंनी तिचं मनगट धरलं.

"तू राहू दे, बेटा. शुभ काम आहे. ज्यांची कूस उजवलीय, त्यांनीच करायचं असतं."

राजुल जागच्या जागी थांबली. ताटातला नारळ हलला. फोईंचं तेवढ्याने भागलं असतं तर त्या फोई कसल्या. बायकांकडे वळून म्हणाल्या, "चाळिशीनंतर का कुणाला दिवस जातात? आता देवाचं नाव घ्यावं माणसाने. पण हिला अजून दवाखान्यांची हौस."

दोघी-तिघी खुदकन हसल्या. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"हीराबेन, नयन झाला तेव्हा मी किती वर्षांची होते?"

फोईंना आधी समजलंच नाही. "काय भाभी?"

"मी विचारतेय, नयन झाला तेव्हा माझं वय काय होतं? तुम्हाला सगळ्यांचं वय पाठ असतं, माझंच कसं विसरलात? बेचाळीस. किरीटला मिशी फुटत होती तेव्हा मला दिवस गेले. आणि तुम्ही तेव्हा काय म्हणालात?"

"अहो, ते जुनं—"

"म्हातारपणी चाळे, म्हणालात. भावाला कुणी विचारलं नाही, चाळे माझे एकटीचेच! गल्लीभर सांगत फिरलात, भाभीच्या पोटात गाठ आहे. मला ओसरीवर येऊ दिलं नाहीत. माझं सीमंत झालं नाही, कुणी ओंजळभर तांदूळ घातले नाहीत माझ्या पदरात." बांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "बेचाळिसाव्या वर्षी पोट आलं तर बाई निर्लज्ज. एकेचाळिसाव्या वर्षी नाही आलं तर अपशकुनी. मग बाईने करायचं तरी काय, ते एकदा ठरवून सांगा. म्हणजे आम्ही तसं वागू."

मघाशी हसलेल्या बायकांना आपापल्या बांगड्यांत अचानक फार रस वाटू लागला.

"भाभी, तो काळच तसा होता," फोई पुटपुटल्या.

"काळ गेला. तोंड तेच आहे."

पंक्ती पाटावर बसली होती, चोवीस वर्षांची पोर. ती म्हणाली, "राजुलकाकी, या ना. माझी कंबर दुखायला लागलीय." राजुलने ओटी भरली. एक दाणा खाली सांडला नाही.

आइस्क्रीमचे डबे घेऊन नयन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर आईसमोर जमिनीवर बसला.

"बा, मी गाठ होतो?"

"होतास," बा म्हणाल्या. "अजून आहेस. बायकोच्या गळ्याला."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. जगातली कुठलीही वाहतूक थांबली नाही, कुठलंही जहाज बुडालं नाही. आठवड्याने डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून सांगितलं की नयनचं बीजही अशक्त आहे, संख्येने कमी आणि चालीने मंद. ज्या घरात पुरुषांत कधी खोट निघाली नव्हती, तिथे पहिल्याच तपासणीत निघाली. राजुल त्याला एक शब्द बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर वाजतगाजत मिरवणूक काढली असती.

किरीटला मात्र पटेना. "यंत्राची चूक असेल," म्हणाला. राजुलच्या वेळी यंत्र बरोबर होतं.

मग टेस्ट ट्यूब बाळासाठी सुरू झाली इंजेक्शनं. रोज पोटात सुई. एक खरं सांगायला हवं, नयन सुई द्यायला शिकला. पहिल्या दिवशी त्यालाच घाम फुटला, राजुलनेच त्याला पाणी दिलं. हळूहळू हात बसला. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहायला लागला. एवढं सगळं त्याच्या पोटात होतं, मग इतके महिने कुठे दडवून ठेवलं होतं, देव जाणे.

तीन बीजं निघाली, त्यांतून एकच गर्भ ठेवण्याजोगा तयार झाला. तो आत ठेवला आणि राहिला. राजुलने मला सांगितलं तेव्हा मी पीठ मळत होते, तशाच पिठाच्या हातांनी तिला जवळ घेतलं. तिच्या साडीवर दोन पंजे उमटले. बांनी कुणालाही सांगायचं नाही अशी तंबी दिली. किरीटने ती दोन दिवस पाळली.

आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोका दिसला नाही.

फोई लगेच आल्या. वाडीतल्या प्रसंगानंतर त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरातलं दुःख त्यांना आमंत्रणासारखं असतं. "शाळेचे जिने," त्या म्हणाल्या. "मी सांगत होते, जिने चढू नकोस."

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की या वयात पुष्कळदा बीजातच दोष असतो, पलंगावर पडून राहिली असती तरी हेच झालं असतं. पण डॉक्टर शिकलेली बाई. तिला काय कळतं?

राजुल भिंतीकडे तोंड करून पडली होती. बा तिच्या उशाशी बसून होत्या. नयन स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "भाभी, खिचडी कशी करतात? तिला आवडते ती." मी सांगितली. त्याने करपवली. राजुलने तशीच खाल्ली.

पुढच्या खेपेला एकही बीज हाताला लागलं नाही. तेव्हा डॉक्टरबाईंनी दुसऱ्या स्त्रीच्या बीजाचा मार्ग सांगितला. किरीटच्या तोंडून ती बातमी फोईंकडे गेली आणि चमत्कार घडला. ज्या बाई परक्या घरचा पाण्याचा पेला दोनदा विसळून घेतात, त्या म्हणाल्या, "चालेल की! शेत कुणाचं का असेना, बी आपल्या नयनचं असलं म्हणजे झालं." नयनच्या बीजाचा अहवाल त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता.

बाकीचेही सल्ले आले. कुणी म्हणे दत्तक घ्या. सांगणाऱ्यांपैकी कुणी मांजराचं पिल्लूसुद्धा दारात ठेवून घेतलेलं नाही. कुणी म्हणे, बांना बेचाळिसाव्या वर्षी झालं, तुला का नाही? आता बांचं उदाहरणही तिला टोचायला कामी आलं. बा चिडून म्हणाल्या, "माझं शरीर माझं होतं. हिचं हिचं आहे."

राजुलने बरेच दिवस विचार केला. एका रविवारी आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो.

"भाभी, मी थांबतेय. दुसरीचं बीज घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्या करतात त्यांनी खुशाल करावं. पण मला आता सुई नको, वाट बघणं नको. माझ्यात बळ नाही उरलं."

"नयनला सांगितलंस?"

"रडला. अजून एकदा करू म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही उशिरा निघालात." तिने पापड उलटला. "रागाने नाही म्हटलं. खरं तेच सांगितलं."

आणि मग तीही रडली. मी कावळे हाकलत होते.

चार दिवसांनी फोईंचा फोन आला. कुठल्या तरी दर्ग्याच्या धाग्याविषयी सांगायचं होतं. मी बोलणार, तेवढ्यात राजुलने माझ्या हातातून फोन घेतला.

"फोई, आता धागा नको. आम्ही बंद केलं."

"अगं, असं कसं? देवावर भरवसा ठेव."

"फोई, मला मूल हवं होतं. झालं नाही. संपलं."

लोकांना चमत्कार चालतो, पाप चालतं, 'हवं होतं, झालं नाही' एवढं साधं मात्र घशाखाली उतरत नाही. फोईंना काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"मग नयनच्या वाटणीचं अर्धं दुकान पुढे कुणाला जाणार?"

राजुल माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. फोन तिने कसाबसा खाली ठेवला आणि ओट्याला धरून हसत सुटली, इतक्या मोठ्याने की आतल्या खोलीतून बांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, बा," राजुल डोळे पुसत म्हणाली. "आपणच आहोत."