शनिवारचा दाणा

मित्रांनो, माझ्याकडे असं नाक मुरडून बघू नका. रंग उडालाय, एक कोपरा उंदरानं कुरतडलाय, झाकणावर कोंबडी अंडी घालते, हे सगळं मला ठाऊक आहे. पण मी मधपेटी आहे, भंगारातलं खोकं नव्हे. वडीगोद्रीच्या शिवारात कांद्याच्या बियाला दाणा का भरत नाही, याचा शोध ज्या प्रयोगानं लावला, तो प्रयोग माझ्या जिवावर झाला. बढाई वाटते? वाटू द्या. खरं सांगायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

माझा जन्म १९९७ सालचा, जुन्या जालन्यातला. कापडाच्या दुकानांमागच्या बोळात भिवा सुताराचं दुकान होतं. माझं माप घेऊन त्याच्याकडे अरुंधतीताई आल्या. त्या जालन्याच्या एका बियाणे कंपनीत संशोधनाचं काम करायच्या. भिवानं माझ्या आतल्या चौकटी अशा घट्ट बसवल्या की दोन चौकटींत सुई शिरू नये. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "भिवाकाका, फट ठेवा. माश्यांना जायला-यायला जागा लागते."

भिवाला राग आला. "फटी ठेवणारा सुतार दुसरा बघा. बाजारात माझं नाव खराब हून जाईल."

शेवटी ठेवली त्यानं फट, पण तोंड वाकडं करून. मला विचाराल तर तिथेच माझं नशीब उघडलं. चौकटी घट्ट असत्या तर माझ्यात माशी नांदलीच नसती.

बाहेरगावाहून ताईंनी माश्यांची वसाहत आणली. एक राणी आणि तिच्या हजारो कामकरी पोरी. त्या पहिल्यांदा माझ्यात शिरल्या, तेव्हा माझ्या फळ्या अशा गुणगुणायला लागल्या की विचारू नका! लग्नघरसुद्धा इतकं भरलेलं नसतं. त्या दिवसापासून मी लाकूड राहिले नाही, मी घर झाले.

आता माझी गरज का पडली, ते ऐका. वडीगोद्रीचे काही शेतकरी कंपनीसाठी कांद्याचं बी पिकवायचे. कांदा जमिनीत लावायचा, मग हिवाळ्यात त्याला उंच दांडा येतो, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो, आणि त्या गोंड्यात काळं बी धरतं. पण लागोपाठ दोन हंगाम गोंडे डोळ्यांत भरतील असे आले, आणि हातावर चोळले की निघायचा नुसता भुसा. कंपनीचे मोठे साहेब मार्तंडराव यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा दाणा भरला नाही तर या गावाला पुन्हा बियाण्याचं पीक मिळणार नाही." त्यांचं मत पक्कं होतं. कंपनीनं दिलेलं खत शेतकरी चोरतात.

ताईंचं मत वेगळं होतं. कांद्याच्या फुलाची गंमत अशी, की त्याचा पराग आधी पिकून झडतो आणि त्याचं बीज धरायचं अंग मागाहून तयार होतं. म्हणजे नवरदेव मांडवातून निघून गेल्यावर नवरी न्हाऊन येते! दुसऱ्या फुलावरचा पराग कुणीतरी आणून द्यावाच लागतो. ते काम माश्यांचं. पण पावसाळाभर कपाशीवर औषधं मारून मारून शिवारातल्या रानमाश्या संपून गेल्या होत्या. म्हणून ताईंनी मला आणलं आणि रामकिसनच्या बांधावर ठेवलं.

रामकिसन म्हणजे वडीगोद्रीतला मानी शेतकरी. बोलला तो शब्द खरा आणि दुसऱ्याचा सल्ला खोटा, असा खाक्या. पण कष्टाळू. बांधालगतच्या काही वाफ्यांवर ताईंनी मच्छरदाणी ताणली. तिच्यात माशी शिरणार नव्हती. बाकीचं शेत माझ्या पोरींसाठी मोकळं. दोन्हीकडे किती दाणा भरतो ते बघायचं, एवढा साधा प्रयोग. ताई दर शनिवारी यायच्या, गोंडे मोजायच्या, मला कान लावून ऐकायच्या.

पण माझ्या पोरी गोंड्यांवर तुटून पडलेल्या बघून रामकिसनचा जीव वर-खाली व्हायला लागला. एक दिवस तो आईला म्हणाला, "माय, ह्या माश्या फुलाचा सगळा रस चाटून नेऊन राह्यल्या. रसच न्हाई राह्यला तर दाणा काय हवेनं भरंल?"

त्याची आई सगुणाबाई. वयानं वाकली होती, जीभ मात्र सरळ होती. "आरं, त्या पोरीनं सांगितलं ना, माश्या पाहिजेत म्हणून?"

"तिचं जातंय काय? पीक मह्यं हाय."

शेताच्या मधोमध त्यानं एक पट्टा राखला होता. उन्हाळ्यात त्याच पट्ट्यावर लेंडीखतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या, आणि मेंढ्या बसलेल्या जमिनीचा कस काय सांगावा! तिथले दांडे कमरेपर्यंत, गोंडे मुठीएवढे. निदान एवढा पट्टा तरी या रसचोर माश्यांच्या हाती लागू नये म्हणून रामकिसननं काय करावं? आईची जुनी लुगडी आणली, काठ्या रोवल्या आणि अख्खा पट्टा झाकून टाकला! शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणे, धुई-धुकं लागू नये म्हणून. शनिवार उजाडला की लुगडी काढून घडी घालायची, ताई गेल्या की पुन्हा ताणायची. काठ्या कशाला, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाला, "वाऱ्यानं दांडे लोळतेत, म्याडम."

मी बांधावरून सगळं बघत होते. माझ्या पोरी त्या लुगड्यांवर धडका मारून रिकाम्या परतायच्या. मी काय बोलणार? पेटीला तोंड असतं, पण ते माश्यांनी जाण्या-येण्यासाठी.

गोंडे वाळले. माझ्या बांधाशेजारच्याच खळ्यावर ढीग पडले. कंपनीची जीप आली, मार्तंडराव उतरले, आणि गावातले बियाणेवाले सगळे शेतकरी काय निकाल लागतो ते ऐकायला जमा झाले. गावाचं पीक आपल्या प्रयोगावर टांगलेलं, या काळजीनं ताईंचा चेहरा उतरला होता. आधी ताईंनी मोकळ्या शेतातला गोंडा साहेबांच्या हातावर चोळला. फुंकर मारली आणि काय सांगू मित्रांनो, तळहातभर काळंभोर, टपोरं बी! माझ्या फळ्या फुगल्या. मग मच्छरदाणीतला चोळला. सगळा भुसा.

ताई म्हणाल्या, "साहेब, बघा. माशी गेली नाही तिथं दाणा नाही."

मार्तंडराव हसले. "बाई, मच्छरदाणी तुम्ही बांधालगत लावलीत. तिथली जमीन हलकी. खतही कडेला कमीच पडतं. हा माश्यांचा पुरावा नाही, खताचा आहे. दोन वर्षं मी हेच सांगतोय. खत चोरायचं आणि निसर्गाला नावं ठेवायची."

ताईंनी मान डोलावली. जमीन खरंच हलकी होती, त्या खोटं कसं बोलणार? साहेब जीपकडे वळले. जमलेल्या माणसांचे चेहरे पडले. बियाण्याचं पीक गावातून गेलं, हे सगळ्यांना कळून चुकलं.

रामकिसन खाली मान घालून उभा होता. त्यानं झाकलेल्या पट्ट्याचा ढीग मागे गोणपाटाखाली दडवला होता. मला वाटलं, हा मानी माणूस मेला तरी बोलायचा नाही. सगुणाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "रामकिसन्या, आता न्हाई बोलला तर मंग कधी बोलशील रे?"

"साहेब, थांबा!" तो पुढे सरसावला. "मेंढ्या म्या कुठं बसवल्या होत्या, हे ह्या साऱ्यांना ठावं हाय. शेताच्या मधी. बराबर?"

"बराबर," चार-पाच जण म्हणाले.

त्यानं गोणपाट ओढून काढलं. "हे त्या पट्ट्याचे गोंडे. गावात असं खत कुणाच्या वाफ्याला न्हाई. आन् हा पट्टा म्या झाकून ठेवल्ता. मायच्या लुगड्यांनी. माश्या रस खातेत म्हणून." त्यानं गोंडा हातावर चोळला, फुंकर मारली. भुसा उडाला. "चोळा, कुणीबी चोळा. बिलकुल दाणा न्हाई."

मग कुणीतरी खो-खो हसलं आणि बघता बघता सगळं खळं हसायला लागलं. लुगडी! रामकिसनचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. बघा, हसणाऱ्यांच्या समोर ताठ उभं राहणं किती अवघड असतं! त्या क्षणी मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला की माझ्यातल्या मधापेक्षा तो गोड होता.

मार्तंडराव सहजासहजी हार मानणारे नव्हते. "लुगड्याखाली सावली पडते. म्हणून दाणा भरला नसेल."

आता ताईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. "साहेब, मच्छरदाणीखाली ऊन होतं, खत कमी होतं. लुगड्याखाली खत होतं, ऊन कमी होतं. दोन्हीकडे नव्हत्या त्या फक्त माश्या." बोलता बोलता त्यांनी झाकलेल्या पट्ट्यातला एक गोंडा बोटांनी उकलला आणि थबकल्या. "थांबा. ह्यात इथं थोडे दाणे आहेत. हे कसे आले?"

रामकिसननं डोकं खाजवलं. "शनिवारी तुमी येत होता ना, तवा लुगडी काढून ठेवत होतो."

ताईंचे डोळे भरून आले आणि त्या हसायलाही लागल्या. कांद्याच्या गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, रोज थोडी थोडी उमलतात. शनिवारी जी उमललेली होती, तेवढ्यांनाच माझ्या पोरी भेटल्या होत्या, आणि तेवढ्यांनाच दाणा धरला होता. त्याच जमिनीत, त्याच गोंड्यात! मार्तंडरावांनी तो गोंडा मागून घेतला, उलटसुलट करून कितीतरी वेळ बघितला. शेवटी म्हणाले, "पुढच्या हंगामाला पेट्या किती लागतील?"

गावानं सोडलेला तो श्वास मला बांधावर ऐकू आला.

ताईंनी हे संशोधन लिहून काढलं. रामकिसनचा पट्टा त्यात घालू का, असं त्याला मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, "नाव टाका, चूकबी टाका. पर मेंढ्या बसवल्या होत्या ते जरूर टाका."

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. कितीतरी शिवारांत गेले, माझ्यामागे कितीतरी नव्या पेट्या आल्या. पुढच्याच वर्षी शेजारचा धर्मराज ऐन सकाळी पाठीवर पंप घेऊन हरभऱ्यावर औषध मारायला निघाला, तेव्हा रामकिसन अनवाणी धावला. "धर्मराज, दिवस मावळताना मार. आता माश्या कामावर हायेत."

धर्मराज हसला. "ही अक्कल लुगड्यातनं आली का रं?"

"व्हय, तिथूनच आली. मला लई महाग पडली. तुला फुकट देऊन राह्यलो, जल्दी घे."

धर्मराजनं पंप खाली ठेवला.

आता माझ्यात माश्या नाहीत. चौकटी सुटल्या, तळाची फळी कुजली, दोन वर्षांत कुणी झाकण उघडलेलं नाही. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. पीक फुलावर असताना औषध मारायचंच असेल, तर माश्या घरी परतल्यावर मारा. पेटी दिसली तर तिला सावली द्या, जवळ पाण्याचं भांडं ठेवा. आणि कधी तुमच्या हातून चूक झाली आणि ती सांगितल्यानं चार लोकांना खरं काय ते कळणार असेल, तर लोक हसले तरी सांगा. वडीगोद्रीत आजही कांद्याचं बी पिकतं. ते माझ्यामुळे पिकतं, हे मी छाती ठोकून सांगते. पण त्या दिवशी खळ्यावर तो माणूस तोंड मिटून घरी गेला असता, तर माझ्या फळ्यांनी कुणीतरी चूल पेटवली असती.