मनी माय धुयाले गई

साल त्रेपन्न. साक्रीजवळच्या एका गावातली शाळा, पहिलीचा वर्ग. प्रमिलाबाई म्हणाल्या, "आज कित्ता नाही. ज्याच्या मनात जे असेल, ते लिहा."

पोरं एकमेकांकडे बघत बसली. मनातलं लिहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

झुंबरने पाटीला नाक टेकवलं आणि लिहिलं :

मनी माय धुयाले गई

म्हणजे, माझी आई धुळ्याला गेली. मोठ्या दवाखान्यात, बैलगाडीत आडवी होऊन. सहा वर्षांच्या झुंबरचं पहिलं स्वतःचं वाक्य. बाईंच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात तपासणीला दिपोटीसाहेब आले. पुण्याकडचे, हसतमुख. त्यांनी नेमकी तीच पाटी उचलली.

"मनी? मांजर काय गं तुझी? आणि मांजरीची माय धुवायला गेली? काय, धुणं?"

बाईंनी साहेबांना अर्थ समजावून सांगितला.

पुसा. असं झालं नाही.

बाई गप्प राहिल्या.

हेही पुसा.

बाई हसल्या. तोंडाला पदर लावून, साहेबांपेक्षा जरा जास्तच. त्या शेजारच्याच गावच्या. घरी आईशी हीच बोली बोलणाऱ्या. 'मनी' म्हणजे 'माझी', हे त्यांना कुठे शिकावं लागलं नव्हतं. पण साहेबांनी "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारू नये, एवढ्यासाठी हसल्या. बाई हसल्या म्हणून वर्ग हसला. वर्गाला तर विनोद कळलाही नव्हता.

"पूस बाळ. माझी आई धुळ्याला गेली, असं लिही," बाई झुंबरला म्हणाल्या.

झुंबरने तळहातावर थुंकून पाटी पुसली.

आई बरी होऊन परत आली.

वाक्य आलं नाही.

कित्ता मात्र सुरेख. वळणदार अक्षर, एक रेघ इकडची तिकडे नाही. मनातलं लिही म्हटलं की झुंबर मान खाली घाले. "बाई, मना मनमा काहीच नही."

एकदा मधल्या सुट्टीत बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. तिची पेन्सिल घेतली. शाळेत कधी न लिहिलेलं लिहिलं :

मनी माय साक्रीनी शे

म्हणजे, माझी आई साक्रीची आहे.

"वाच वं पोरी," बाई म्हणाल्या. शाळेत पहिल्यांदाच, घरच्या बोलीत.

झुंबरने ओठ हलवत वाचलं. बाईंकडे पाहिलं. मग दाराकडे. दारात कुणी नव्हतं. तरी तिने घाईघाईने तळहातावर थुंकून पाटी पुसली, कोपऱ्यातला 'शे' तर दोनदा.

"बाई," ती हळूच म्हणाली, "साहेब हासतीन तुमले."

आणि पेन्सिल परत त्यांच्या हातात दिली.

"'आहे' लिखा."